मामांच्या पेटीचा वेग

उजव्या हातात ओली रेकॉर्ड उभी धरून डाव्या हाताने लिहितो आहे, तेव्हा अक्षराला हसू नये. ती खाली ठेवायला जागा उरलेली नाही. टेबलावर, पलंगावर, इस्त्रीच्या फळीवर आणि अर्ध्या ओट्यावर लोकांच्या रेकॉर्ड धुऊन वाळत घातल्या आहेत. (लोकांच्या. हा शब्द लक्षात ठेवा, पुढे उपयोगी पडेल.)

तीर्थरूप मामांना साष्टांग नमस्कार. सध्या सातच अंगांनी, आठवं अंग रेकॉर्ड वाळल्यावर. गुडघा कसा आहे? ताईकडचा जिना उतरताना कठडा धरता ना? मामींची झोप सुधारली का, की तुम्ही अजून झोपेतही ड्रम्स वाजवता? इकडे आम्ही मजेत आहोत. आज दुपारपर्यंत नव्हतो. ते कसं ते सांगण्यासाठीच हे पत्र, आणि ते जरा लांबणार आहे, तरी मधली पानं गाळून शेवट वाचू नये ही विनंती. तुमची ती सवय मला ठाऊक आहे.

तुम्ही ताईकडे राहायला गेलात तेव्हा रेकॉर्डची चार खोकी आणि ती वाजवायची पेटी माझ्या हवाली केलीत. "सांभाळ," एवढंच म्हणालात आणि गाडीची काच वर केलीत. मी सांभाळली. आमच्या दोन खोल्यांत चार खोकी मावतील अशी एकच जागा होती, ती म्हणजे बाल्कनीचं दार. तेव्हापासून तुमच्या सुनेला कपडे वाळत घालायला जाताना आडवं होऊन जावं लागतं. गेल्या रविवारी बादलीसकट आडवी होताना तिच्या पायाचा अंगठा ठेचला. तिने आरडाओरडा केला नाही (केला असता तर बरं होतं). कपाटातून चिकटपट्टी काढली, अंगठ्याला नीट गुंडाळली आणि निकाल दिला. पुढच्या सोमवारी भंगारवाला येईल. तोवर आम्हा मामा-भाच्यांखेरीज एका तरी शहाण्या माणसाने यातली एखादी रेकॉर्ड ऐकून आपणहून 'पुन्हा लावा' म्हटलं, तर खोकी राहतील. नाही म्हटलं, तर जातील. मी विचारलं, तू स्वतः म्हणालीस तर चालेल का? ती म्हणाली, "मी तुमच्याशी लग्न केलंय. मला शहाण्यांत धरायचं नाही."

मला तेव्हा धास्ती वाटली नाही. वाटायला हवी होती. माझ्या मनात तुमचा सिद्धांत पक्का होता: या रेकॉर्ड विसरल्या गेल्या, कारण जग बहिरं आहे. शिवाय योग असा की आमच्या दातांच्या डॉक्टरांकडे दर रविवारी चार माणसं रेकॉर्ड ऐकायला जमतात आणि आजचा विषयच होता 'हार्ड बॉप आणि जॅझ-फंक या जॅझच्या दोन घराण्यांतल्या दुर्लक्षित रेकॉर्ड'. माझ्यासाठी बेतून शिवलेला विषय. मी दोन निवडल्या. पहिली अर्थातच 'निळी छत्री'. (हे तिचं खरं नाव नव्हे, हे मी तिथे सांगितलं. आपल्या घरात रेकॉर्डना वेष्टनावरच्या चित्रावरून हाक मारतात आणि मूळ नाव विचारणं आगाऊपणाचं समजतात.) दुसरी 'खुर्ची'. आता रागावू नका. चौथ्या खोक्याच्या तळाशी तुम्ही उलटी करून ठेवलेली तीच. छत्रीतलाच सॅक्सोफोनवाला म्हणून तुम्ही ती हौसेने आणलीत, त्यात इलेक्ट्रिक पियानो आणि बास गिटार निघाली, अर्ध्या बाजूतच सुई उचललीत आणि म्हणालात, "पोटापाण्यासाठी वाजवलंय." मला ती लहानपणापासून आवडते. तुम्ही दुपारी झोपलात की मी आवाज बारीक करून लावायचो. वाजवणारे धापा टाकत गाडी गाठायला धावताहेत असं वाटे, तरी आवडायची.

डॉक्टरांची बैठक दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत असते, जिथे इतर दिवशी लोक गाल धरून बसतात. खुर्च्या त्याच, मासिकं तीच, लवंगेच्या तेलाचा वासही तोच. डॉक्टरांचं यंत्र मात्र असं, की त्याच्या फिरत्या थाळीखाली माणूस सापडला तर दगावेल. थाळीच्या कडेला बारीक ठिपके आहेत. वेग अचूक असला की दिव्याच्या उजेडात ते स्थिर दिसतात. डॉक्टर ते ठिपके प्रत्येकाला दाखवतात, दर रविवारी, नव्याने. आज आमच्यातल्या शिंप्याने आधी एक ऑर्गनची रेकॉर्ड लावली. ऑर्गन, गिटार, ड्रम्स, तिघंच जण, पण गिटारवाला सूर असे दाताखाली धरून सोडत होता की डॉक्टरसुद्धा पुढे झुकले. पियानो शिकवणाऱ्या बाईंनी एक आणली होती, तिच्यात दोन ट्रॉम्बोन एकमेकांचं वाक्य तोडत बोलत होते, नवरा-बायकोसारखे. दोन्ही रेकॉर्डना माना डोलल्या. मग माझी पाळी आली. ही शेवटच्या रांगेत हिरड्यांच्या विकारांवरचं मासिक उघडून बसली होती. निकाल ऐकायला आली होती.

मी उभा राहून छत्रीचं वर्णन केलं. सांगितलं की पाच जणांनी हे एका बैठकीत वाजवलंय आणि एकालाही घरी जायची घाई नाही, पण सगळे घाई असल्यासारखे वाजवतात. ट्रम्पेट आणि सॅक्सोफोन सुरुवातीलाच एका दमात सगळं सांगून टाकतात, मग एकेक जण आपली बाजू मांडतो, आणि ड्रम्सवाला मागून भांडण लावून देतो. दुसऱ्या बाजूच्या संथ तुकड्यात ट्रम्पेटचा सूर थरथरतो तिकडे लक्ष द्या म्हणालो. ते त्याचं काळीज आहे. (तुमचंच वाक्य. मी तुमचं नाव घेतलं होतं.) डॉक्टरांनी सुई टेकवली.

मामा, ती आपली छत्री नव्हती.

तेच सूर, तीच माणसं, पण जेवून उठल्यासारखी. आपल्या घरी ड्रम्सवाला दारावर धक्के देतो. इथे तो दार पुसत होता. सॅक्सोफोनवाला प्रत्येक सुरापाशी थांबून पत्ता विचारत होता. पियानोच्या बाईंचे डोळे मिटले. मला वाटलं रंगल्या, मग त्यांची मान खांद्यावर आली. संथ तुकडा लागला आणि ट्रम्पेट थरथरलाच नाही. सरळ, गुळगुळीत, काळजाचा पत्ता नाही. रेकॉर्ड संपली. डॉक्टर हळूच म्हणाले, "चष्मेवाले, विसरलेलं सगळंच काही अन्यायाने विसरलेलं नसतं." मागच्या रांगेत मासिकाचं पान उलटलं. मला भंगारवाल्याच्या गाडीचा कुरकुर आवाज स्पष्ट ऐकू आला.

मी म्हणालो, तुमचं यंत्र हळू फिरतंय. डॉक्टरांनी शांतपणे ठिपके दाखवले. ठिपके स्थिर होते. मी म्हणालो, ठिपके खोटं बोलताहेत. यावर शिंपीसुद्धा माझ्याकडे पाहीना. तेव्हा मी जे केलं त्याला शहाणपण म्हणता येणार नाही. मी पळत घरी गेलो (दोन गल्ल्या, चपला डॉक्टरांच्या दारातच राहिल्या) आणि तुमची पेटी घेऊन परत आलो. तिची कडी तुटली आहे हे तुम्हाला माहीत आहे. माझ्या पायजम्याची नाडी बांधून तिचं झाकण धरून ठेवलं होतं. पायजमा मी घातलेला नव्हता, हे मामींना आवर्जून सांगा.

पेटी डॉक्टरांच्या यंत्राशेजारी ठेवली तेव्हा बैलाशेजारी शेळी बांधल्यासारखं दिसलं. मी सुई टेकवली आणि मामा, दार धाडकन उघडलं! पाचही जण एकदम आत आले. पियानोच्या बाई दचकून जाग्या झाल्या आणि त्यांची बोटं मांडीवर सूर शोधू लागली. शोधता शोधता त्यांच्या कपाळाला आठी पडली. "अहो, हा कुठल्या पट्टीत वाजवतोय? काळी दोन म्हणावं तर वर जातोय, पांढरी तीन म्हणावं तर पोचत नाही. जगात अशी पट्टीच नाही." पण बोटं थांबली नाहीत. शिंप्याचा पाय शिवणयंत्रावर असल्यासारखा हलत होता. डॉक्टर ओरडले, "ही फसवणूक आहे! पेटी जोरात पळतेय! त्यांनी असं वाजवलंच नव्हतं!"

इथे मला माझा धंदा आठवला. मी दिवसभर माणसांच्या डोळ्यांसमोर भिंगं बदलतो आणि एकच प्रश्न विचारतो. मी तोच विचारला. आधी डॉक्टरांच्या यंत्रावर दुसऱ्या बाजूचा पहिला तुकडा लावला, मग पेटीवर तोच, आणि म्हणालो, "पहिलं बरं, की दुसरं? घाई नाही. पुन्हा दाखवतो. पहिलं... की दुसरं?" शिंपी म्हणाला, दुसरं. पियानोच्या बाई म्हणाल्या, पट्टी चुकीची आहे, पण दुसरं. डॉक्टर म्हणाले, "पण ते खरं नाही!" मी म्हणालो, "डॉक्टर, तुम्ही लोकांना दात बसवता ते खरे असतात का?" शिंपी म्हणाला, "चावता येतं ना, मग झालं." तेवढ्यात पेटीवर संथ तुकडा लागला. ट्रम्पेट थरथरला. डॉक्टरांनी चष्मा काढला (मीच दिलेला), डोळे मिटले, आणि तो संपल्यावर त्यांच्या तोंडून निघून गेलं, "पुन्हा लावा." मग लगेच, "म्हणजे, तपासायला."

मागच्या रांगेत मासिक मिटलं. "म्हणाले," ही म्हणाली. "मी ऐकलं."

खोकी वाचली, मामा! पत्र इथे संपवलं असतं तर दोघांचीही शोभा राहिली असती.

पण डॉक्टरांना राहवेना. त्यांनी पेटीची थाळी उचलली आणि आत डोकावले. आत मोटरच्या बारीक दांड्यावर, जिथे पट्टा फिरतो तिथे, तुम्ही कधीतरी पट्टा सटकू नये म्हणून गुंडाळलेली जखमेची चिकटपट्टी होती. काळी पडलेली. दांडा जाड झाला की थाळी जोरात फिरते, हे डॉक्टरांनी तिथल्या तिथे समजावून सांगितलं. पट्टीचं टोक एका जागी उचललं गेलं होतं; दर फेऱ्याला पट्टा त्यावरून उडी घेत होता. ते ट्रम्पेटवाल्याचं काळीज. म्हणजे जग बहिरं नव्हतं, मामा. जगाच्या यंत्रांना पट्टी नव्हती, एवढंच. आणि डॉक्टरांनी, मळकी पट्टी दिसली की हात शिवशिवतात अशा माणसाप्रमाणे, ती चिमट्याने सोलून वापरलेल्या कापसाच्या डब्यात टाकली.

मी हादरलो. आता पेटी योग्य वेगाने, म्हणजे आपल्या दृष्टीने मेल्यासारखी फिरणार. काही तरी लावायचं म्हणून मी खुर्ची लावली. मामा, हे वाक्य बसून वाचा. खुर्चीवाले धापा टाकत नव्हते. बास गिटारवाला एक सूर टाकायचा आणि मग काहीच वाजवायचा नाही, आणि त्या काहीच नसण्यात सगळी खोली मान हलवायची. इलेक्ट्रिक पियानो पाण्यात दिवा पडल्यासारखा. आणि आपला सॅक्सोफोनवाला, वयाने वाढलेला, मोजकं बोलणारा. पोटापाण्यासाठी वाजवत असेलही; पण पोट भरलेल्या माणसासारखं निवांत. तुम्ही त्याला गाडीमागे धावायला लावलं होतंत. तुम्ही ही रेकॉर्ड नावडती ठरवलीत, पण मामा, तुम्ही ती ऐकलेली नाही. मीही ऐकलेली नव्हती. हिने मासिक खाली ठेवलं ते परत उचललं नाही.

त्यानंतर सगळ्यांना माळ्यावरच्या आपापल्या वाया गेलेल्या रेकॉर्ड आठवल्या. शिंपी तीन घेऊन आला, डॉक्टर खालमानेने सात. 'तुमच्या मामांच्या पेटीवर, पट्टी लावून आणि न लावता' अशी मागणी आहे. म्हणून ओट्यावर जागा नाही.

मामींना नमस्कार, ताईच्या मुलांना लाड. हात भरून आला, थांबतो.

आपला भाचा

ता. क. खरं काम राहिलंच. त्या चिकटपट्टीचे वेढे किती होते? डॉक्टरांनी नवी दिली, मी एक वेढा दिला तर छत्री पेंगते, चार दिले तर पाचही जण खारीसारखे चिरकतात. पुढच्या रविवारी माझी अब्रू पणाला लागली आहे. नक्की आकडा कळवा, आणि टोक कुठल्या बाजूला उचललेलं होतं तेही.

ता. क. दोन. आकडा आठवत नसेल तर स्वतःच या. खुर्ची पट्टीशिवाय ऐकवीन. ऐकून नावं ठेवलीत तरी चालेल. पूर्ण बाजू ऐकायची, एवढी अट.

सोमवार सकाळ. पत्र पाकिटात घालायचं राहिलं होतं. जाग आली ती छत्रीने, आपल्या छत्रीने, धक्के देणारी, थरथरीसकट. ही पेटीपाशी बसली होती. अंगठ्याची पट्टी अंगठ्यावर नव्हती. अडीच वेढे, म्हणाली. दोनने वेग आला, पण ट्रम्पेट थरथरेना, म्हणून अर्धा वर सोडला. तुला कसं कळलं विचारलं, तर म्हणाली, "इतकी वर्षं बाल्कनीतून काय ऐकतेय मी?" भंगारवाला आला. त्याला रिकाम्या बाटल्या दिल्या.