दोन्ही रकान्यांत नसलेले नाव

दि. १४ जून, दुपार

तीर्थस्वरूप आत्या,

नमस्कार. घरी सर्व ठीक. आईचा गुडघा हल्ली जिन्याशी भांडत नाही. बाबा रोज विचारतात, तुझा गौरवग्रंथ कुठवर आला, आणि काका रोज तोच विनोद करतात: "आमची ताई राज्याच्या विधानसभेतली पहिली बाई, आणि पहिली कामगिरी कोणती, तर संडास!" यावर तूही सर्वांबरोबर हसत आली आहेस. या आठवड्यात मात्र मला हसता आले नाही. का, ते सांगण्यासाठीच हे पत्र. परंतु सुरुवात कोठून करावी, हे उमगत नाही.

तुझ्या कारकिर्दीवरचे माझे प्रकरण संपादकांना आवडले. विशेषतः कामगार स्त्रियांच्या बाळंतपणाच्या रजेच्या विधेयकाविषयीचे वाक्य: "सभागृहातील एकमेव स्त्रीने निर्भयपणे बाजूने मत दिले, तरीही विधेयक एका मताने पडले." ते तुझ्या छायाचित्राखाली ठळक छापायचे ठरले. सोमवारी पाने छपाईला जातात.

तारीख पडताळावी म्हणून मी विधिमंडळाच्या ग्रंथालयात गेले. उत्तर तीनदा तपासण्याची शाळेतली खोड नडली, असे समज. कामकाजाच्या जुन्या खंडात त्या दिवशीच्या मतदानाची यादी आहे. बाजूने अठ्ठावन्न, विरुद्ध अठ्ठावन्न, अध्यक्षांचे निर्णायक मत विरुद्ध. तुझे नाव दोन्ही रकान्यांत नाही. मी बोट ठेवून चार वेळा वाचले.

मग तुझी अकरा भाषणे पुन्हा काढली. "आपण एका मताने हरलो," असे तू प्रत्येक वेळी म्हणतेस. "मी मत दिले," असे एकदाही नाही. ते माझे मीच गृहीत धरले होते.

ग्रंथपालांनी मला सभागृहाच्या निवृत्त द्वारपालांकडे पाठवले. मी कोणाची, हे कळल्यावर ते बराच वेळ चष्मा पुसत राहिले. तेव्हा मुख्य इमारतीत स्त्रियांची सोयच नव्हती, त्यांनी सांगितले. पटांगण ओलांडून कारकुनांच्या इमारतीत जावे लागे. मतदान कधीही होईल, जागा सोडू नका, असे पक्षाच्या प्रतोदांनी बजावले होते. तू सकाळपासून हलली नव्हतीस. अखेर कोणालाही न सांगता गेलीस, आणि मतदानाची घंटा झाली. ती तीन मिनिटे वाजते. मग दारे बंद.

"बाई पळत आल्या," ते म्हणाले, "पण कडी मी घातली होती. त्यांनी दार वाजवलं नाही. म्हणाल्या, तुम्ही तुमचं काम केलंत. मग बाहेरच्या बाकावर बसून राहिल्या."

दुसऱ्या दिवशी तू मुख्य इमारतीत स्त्रियांसाठी संडास बांधण्याचा तो अर्ज दिलास, ज्यावर आपण सारे इतकी वर्षे हसत आलो.

आत्या, मी कोणावर रागवावे? तुझ्यावर रागवते, तर ओल्या बाळंतिणी असताना कामावर गेलेल्या बायका डोळ्यांपुढे येतात. तुझी बाजू घेते, तर शिष्यवृत्तीची तोंडी परीक्षा आठवते. तीन पुरुष परीक्षकांपुढे तासभर अवघडून बसले होते. "जाऊन येऊ का," एवढे विचारवेना, आणि येत असलेली उत्तरे चुकली. घरी सांगितले, प्रश्न कठीण होते. तूही तेच मानलेस.

खरे लिहिले, तर ग्रंथाच्या प्रकाशन समारंभात लोक काकांसारखे हसतील. न लिहिले, तर माझे खोटे तुझ्या चेहऱ्याखाली छापले जाईल. एवढी पुस्तके वाचूनही यातले काय बरोबर, ते मला सांगता येत नाही.

काल संपादकांसमोर ते वाक्य खोडले. दुसरे वाक्य रात्रभर मनात घोळवत होते. आधी 'स्वच्छतागृह' लिहिले, मग 'काही अपरिहार्य कारण', शेवटी काकांचाच शब्द: "मतदानाची घंटा वाजली, तेव्हा सभागृहातील एकमेव स्त्री पटांगणापलीकडच्या संडासात होती. विधेयक एका मताने पडले."

पान सोबत जोडले आहे. नको असेल, तर आडवी रेघ मारून सोमवारपूर्वी परत पाठव. छायाचित्राखाली केवळ तुझे नाव जाईल, आणि मी पुन्हा विचारणार नाही.

रेघ मारलीस तरी, न मारलीस तरी
तुझीच,
भाची