शंभर टक्के बरोबर

परंडा, शुक्रवार

तीर्थरूप अण्णांना श्रियाचा नमस्कार.

मी बरी आहे. डबा चांगला मिळतो. फोनवर बोलले असते, पण आई शेजारी बसून ऐकते आणि घाबरते. तिचा गुडघा कसा आहे?

सहावीच्या वर्गात आता डिजिटल फळा आहे. मुलं स्वतः धडा निवडतात, पुढं येऊन उत्तरं दाबतात. मी मागं उभी राहते. महिनाभर अपूर्णांकांत सगळा वर्ग शंभर टक्के बरोबर दिसतो आहे. मुख्याध्यापक खूश आहेत. मला ते शंभर पटत नव्हते.

काल फळा बंद केला आणि तीच गणितं वहीत सोडवायला दिली. एकालाही आली नाहीत. सृष्टी पुढच्या बाकावर बसते. तिला विचारलं, रोज कसं जमतं?

"बाई, आधी चुकीचं दाबायचं. मग फळाच बरोबर उत्तर दाखवितो. तेच दाबायचं. दुसऱ्या खेपंचंच धरतो तो."

"कुणी शिकवलं हे?"

"कुणी न्हाय. आमचं आमीच शिकलो." वही पुढं करून ती म्हणाली, "पण पहिलं का चुकलं, ते फळा सांगत न्हाय. तुमी सांगता का?"

सोमवारी केंद्रप्रमुख वर्ग बघायला येणार आहेत. मी हे सांगितल्यावर मुख्याध्यापक म्हणाले, "फळा चालू ठेवा, बाई. बाकी काही काढू नका." माझी नेमणूक अजून कायम व्हायची आहे, याची आठवणही त्यांनी करून दिली.

सृष्टीला मी सांगितलं आहे, पहिलं का चुकलं, हाच प्रश्न सोमवारी सगळ्यांसमोर विचार.

आईला मंगळवारी सांगा.

तुमची,
श्रिया