पळी नसलेली अन्नपूर्णा

आई, मी कोण ते आधी सांगते, नाहीतर तू हाक मारताना नेहमीसारखी म्हशीच्या नावापासून सुरुवात करशील आणि माझ्यापर्यंत यायला तुला संध्याकाळ होईल. मी तुझी धाकटी. अक्षर मला अजून येत नाही. मी बोलते, नात फोनमध्ये उतरवून घेते.

लग्नात तू माझ्या ओंजळीत पितळेची अन्नपूर्णा ठेवलीस आणि रडायचं सोडून दटावलंस, "हिला उपाशी ठेवलंस तर गाठ माझ्याशी आहे." यंदा अमेरिकेत मुलाकडे प्लेनोला येताना बॅगेत तिची पळी मोडली, बोटांसकट. मुलगा म्हणाला, "आई, खंडित मूर्ती देव्हाऱ्यात चालत नाही. तुम्ही दोघी आजी-नात नॅशविलला ड्राइव्ह करताय, वाटेत मोठी नदी लागेल, तिथे विसर्जन करा. नवीन मी ऑर्डर केलीय." नदी आली तेव्हा माझा डोळा लागला होता. नातीने उठवलं नाही, आणि पूल मागे पडला.

नॅशविलला ग्रीक लोकांच्या देवीचं देऊळ आहे. खांब एकटीच्या कवेत न मावणारे. मी पायरीशी चपला काढते, तर नात हसते, "आजी, इथे सगळे शूज घालूनच जातात." आत देवी, सोन्याने मढवलेली, माडीवर माडी चढवावी एवढी उंच, तळहातावर पंखांची छोटी बाई. कुठे टवका नाही.

"किती जुनी गं?"

"ही कॉपी आहे, आजी. ओरिजिनल देऊळ ग्रीसमध्ये आहे, पण ते पडलंय. छप्पर नाही, आतली मूर्ती तर कधीच गेली."

"मग तिकडे लोक काय बघतात?"

"तेच, पडलेलं. जगभरातून येतात."

"आणि विसर्जन करा असं कुणी म्हणत नाही?"

नात माझ्याकडे बघते, मग माझ्या बटव्याकडे. मी आपली अन्नपूर्णा बाहेर काढली आणि तिला ही मोठी दाखवली. आई, मला अजून कळत नाही, देवी राहते कुठे? इथल्या धडक्या घरात, की तिकडच्या पडक्या? तू असतीस तर दारावर तिकीट बघणाऱ्या माणसालाच विचारलं असतंस.

आपली मात्र देव्हाऱ्यातच बसणार, हे घरी गेल्यावर मुलाला सांगते. नवीन आली तर शेजारी बसेल; एक वाढेल, एक जेवेल.

हे पत्र कुठे जायचं नाही. फोन पत्ता मागतो, आणि तुझा कुणाला ठाऊक. म्हणून सांगते, पुलावर मी झोपले नव्हते. आणि हो, हिला आता पळी नाही, तेव्हा कढी-आमटी असलं पातळ काही पाठवू नकोस. हाताने वाढता येईल असं पाठव, ज्वारीची भाकरी आणि वर लोण्याचा गोळा.