कात्रीचं हसू

४ नोव्हेंबर
बोरूला उचललं. ऑफिसातून, भर दुपारी! आमचा व्यंगचित्रकार. तोंडात पेन्सिल, समोर अर्धवट चित्र. साध्या कपड्यांतले दोघे आले. "जरा बोलायचंय, चला." जाताना मला म्हणाला, "चहा झाकून ठेव रे माझा."
ठेवला.

६ नोव्हेंबर
चहावर बुरशी धरायला लागली. शिपाई विचारतो, "टाकू का?" कुणीच हो म्हणेना.

१० नोव्हेंबर
वरून एक माणूस आणून बसवलाय. छापायच्या आधी ओळन् ओळ त्याच्या नजरेखालून जाणार. मुद्रितशोधकांची खोली त्याला. त्या बिचाऱ्यांची रवानगी जिन्याखाली. बुटका, नीटनेटका, बोलणं जेमतेम. दुपारच्या आत ऑफिसने बारसं उरकलं — कात्री.
संपादकांनी मला कोपऱ्यात घेतलं. "जपून लिहा हो. तुमच्या सदरावर लोक हसतात, वरून फोन मात्र मला येतात."

१५ नोव्हेंबर
कात्री हसतो! पार्टिशनपलीकडून स्पष्ट ऐकलं. आधी फुसकन, मग खो खो. माझंच सदर — उंदरांना शिस्त लावायला मंत्री मांजरांची समिती नेमतात, तो भाग. मग हसू थांबलं आणि तांबड्या पेन्सिलीची करकर सुरू झाली. बाहेर आला तेव्हा चेहरा कोरा. समिती उडवली होती. उंदीर तेवढे ठेवले.

२२ नोव्हेंबर
हल्ली लिहिताना कान त्या पार्टिशनकडे असतो. इथे हसेल का? इथे? जे कापलं जाणार तेच जीव ओतून लिहितो. हिला सांगितलं. ही ताट सारून म्हणाली, "म्हणजे ज्यांनी बोरूभावजींना नेलं, त्यांच्याच माणसाला हसवताय तुम्ही!"
अर्ध्या ताटावरून उठलो.

२३ नोव्हेंबर
बोरूच्या खुर्चीकडे पाठ करून बसतो. तरी मागे पेन्सिलीला टोक काढल्याचा आवाज येतो. वळलो. कुणी नाही. शेजारचा वार्ताहरही वळून बघत होता!
दोघांनीही काही ऐकलं नाही असं ठरवलं. न बोलताच.

३० नोव्हेंबर
बोरूच्या आईबरोबर चौकीवर गेलो. अधिकाऱ्याने वहीसुद्धा उघडली नाही. "असा कुणी माणूस आणलाच नाही."
मावशी म्हणाल्या, "अहो, माझा मुलगा आहे तो."
"असेल. पण आणलेला नाही."
बाहेर पायरीवर बसून त्या मला विचारतात, "त्याचं खरं नाव सांगितलंस ना रे? की बोरूच म्हणालास?"

३ डिसेंबर
लिहिलं. एका बैठकीत. एक बाई हरवलेल्या मुलाची चौकशी करायला जाते. अधिकारी सिद्ध करतो की मुलगा जन्मलाच नाही. मग नियमाप्रमाणे — मुलगा नाही, तर आई कुठली? तिलाही खोडतो. ती घरी येते तर दाराला तिची किल्ली लागत नाही.

५ डिसेंबर
कात्रीच्या खोलीत चिडीचूप. ना हसू, ना पेन्सिल. शेवटी कागद घेऊन माझ्या टेबलाशी आला.
"यात हसायला येत नाही."
"नाही येत."
कागद पुन्हा एकदा वरून खाली वाचला. मग हळूच — "बाई खरी आहे?"
"आहे."
टेबलावर वाकून त्याने तिथेच सही केली. "जाऊ द्या," म्हणाला.

८ डिसेंबर
छापून आलं. अक्षरन् अक्षर! मावशींचा फोन. "वाचलं रे." आणि फोन ठेवला. ही माझे गरम कपडे आणि गोळ्या पिशवीत भरतेय. रडत नाही. मोज्यांच्या दोनदा घड्या घालून झाल्या.

११ डिसेंबर
मला न्यायला कुणी आलं नाही. कात्रीच्या खोलीत मात्र नवा माणूस. संपादक नजर चुकवत म्हणाले, "पास केल्याची सही त्यांची होती. तुमची नव्हे."

१३ डिसेंबर
सकाळी दारात एक बाई. अनोळखी. "ते घरी आलेले नाहीत." कात्रीची बायको! हिने तिला हाताला धरून आत घेतलं. पाणीही नको म्हणाली. "जे जे कापायचे ते संध्याकाळी मला म्हणून दाखवायचे. मला पाठ करायला लावायचे. म्हणायचे, कागद सापडतो, तोंडातलं सापडत नाही."
आणि मांजरांच्या समितीपासून तिने म्हणायला सुरुवात केली.