कुटलेले दाणे

४ जून

हिचं वजन पुन्हा उतरलं! नर्सने आकडा मोठ्याने वाचला, भाजी तोलल्यासारखा. डॉक्टर म्हणाले, "वजन पन्नाशीच्या वर गेल्याशिवाय केमो सुरू करता येणार नाही, शरीराला झेपणार नाही. पण फार थांबूही नका, गाठ परत डोकं वर काढते." थांबू नका आणि सुरूही करता येत नाही! म्हणजे करायचं काय माणसाने? गाठीबरोबर स्वादुपिंडाचा बराचसा भाग काढलात, आता ही खाते ते अंगी लागत नाही, तसंच बाहेर पडतं. एवढं सगळं मनात. तोंडाने नुसतं "हो डॉक्टर".

कॅप्सूल दिल्यात. आत बारीक दाणे, दाण्यांत एन्झाइम. जे काम स्वादुपिंड करायचं ते आता यांनी करायचं. जेवता जेवता घ्यायच्या.

५ जून

कॅप्सूल हिच्या घशाखाली उतरत नाही. ऑपरेशनच्या वेळी नळ्या घातल्यापासून घसा धरतोच. सकाळी एक घेतली, ठसका लागून बाहेर. दुपारी तेच. "अहो, नको आता," म्हणाली आणि ताटच सरकवलं. चिडलो मी. चिडून काय होणार होतं! मेहुणी येऊन राहिली आहे म्हणून बरं, तिने गोड बोलून चार घास भरवले.

६ जून

सुचलं! इतकी वर्षं डेअरीच्या चीज खात्यात काय माशा मारल्या का मी? आमचं दूध थिजवायचं रेनेट म्हणजे तरी काय, एन्झाइमच. शाळेत विकर म्हणायचे. त्याची गोळी अख्खी टाकली तर दूध थिजतं का? नाही. तळाशी बसते आणि वर सगळं पातळ. बारीक कुटायची, गार पाण्यात विरघळवायची, मग हौदभर ढवळायची. जितकं पसरेल तितकं दुधाला भिडेल, तितकं काम झपाट्याने.

मग हिचे दाणेही कुटायचे! खलबत्त्यात पीठ केलं, कोमट दुधात घातलं. गरम नाही हं, तेवढं कळतं. एन्झाइम गरमीने मोडतं, आणि एकदा मोडलं की मागाहून गार करून काही उपयोग नाही. थंडीत नुसतं सुस्तावतं, ते परवडलं. पोटातल्या आंबटपणाची मला काळजीच नाही. रेनेट मूळचं वासराच्या पोटातलं, त्याला आंबट मानवतंच.

प्यायली. ठसका नाही! मेहुणी म्हणाली, "भावजी, तुम्ही तर कंपाउंडर झालात." बऱ्याच दिवसांनी घरात कोणीतरी हसलं.

११ जून

ग्लासातल्या दुधाला पाच मिनिटांत उग्र वास सुटतो. हिने नाक मुरडलं. मी म्हटलं, अगं हीच तर खूण! स्निग्धांश तुटायला लागला, औषध जागं आहे.

हिचं म्हणणं, तोंड चुरचुरतं. ताकद कमी झाली की येतं तोंड, त्यात काय.

१९ जून

खात्यात आज एक हौद वाया. दूध थिजेचना. तापमान बरोबर, आंबटपणा बरोबर, रेनेट ताजं. शेवटी कळलं — नव्या माणसाने रेनेट टाकीच्या पाण्यात कालवलं होतं, आणि टाकीत सकाळीच क्लोरीन पडलं होतं. क्लोरीनने एन्झाइम जागीच मेलं. मी त्याला सगळ्यांसमोर फाडून खाल्लं. "न विचारता हात चालवायचा कशाला? जिवंत वस्तूसारखं जपावं लागतं ते!" बिचाऱ्याचं तोंड एवढंसं झालं. होऊ दे. लक्षात राहील.

२० जून

वजन उतरलं.

२१ जून

ही काल हॉस्पिटलातून येताना रडली. "खाते हो मी. जेवढं सांगाल तेवढं खाते."

मी हिशेब मांडला, जेवण जास्त आणि एन्झाइम कमी पडतंय. एक रेणू एकाच वेळी एकालाच धरतो, तोडतो, सोडतो, मग पुढचा. स्वतः संपत नाही, पण हात तेवढेच. मग हात वाढवायला हवेत. डॉक्टरांना फोन केला, तेही म्हणाले एक कॅप्सूल वाढवा. दुप्पट ताकदीने कुटतोय. मनगट दुखतं.

२७ जून

तोंडभर फोड. जीभ सोलल्यासारखी लाल. पाणी पितानाही डोळ्यांतून पाणी. तरी ग्लास हातात धरला की मुकाट्याने पिते. मी समोर उभा असतो ना. "डोळे मिटून एका दमात," म्हणतो मी!

२ जुलै

तोंडाला लावायचं मलम संपलं म्हणून कोपऱ्यावरच्या दुकानात गेलो. औषधवाली म्हणाली, "काका, तिसरी ट्यूब. पेशंटला कॅप्सूल कशा देता?" मी ऐटीत सांगितलं. खलबत्ता, कोमट दूध, सगळं.

तिचा हातच थांबला. "कुटता?"

मग तिने समजावलं. दाण्यावर एक लेप असतो. पोटातलं आम्ल त्या लेपाला विरघळवू शकत नाही. आतड्यात आम्लपणा उतरला की तो सुटतो आणि एन्झाइम तिथे कामाला लागतं. लेप फोडला की पोटातच सगळं मरतं. सगळी एन्झाइमं एका जातीची नसतात. रेनेटला आंबट चालतं, स्वादुपिंडाच्याला चालत नाही. आणि गिळेपर्यंत जे जिवंत असतं ते समोर येईल ते पचवतं. समोर हिची जीभ होती.

म्हणजे पोटात गेलं ते मेलेलं. आणि तोंडात होतं ते हिलाच खात होतं. आणि मी म्हणत होतो, एका दमात!

दुकानाबाहेर पायरीवर बसलो.

३ जुलै

औषधवालीने सांगितलं तसं करतोय. कॅप्सूल उघडायची, अख्खे दाणे गार सफरचंदाच्या गरात, न चावता गिळायचे, वरून पाणी. उतरलं घशाखाली.

"आता कुटायचं नाही का?" हिने विचारलं. म्हटलं, "नाही. पद्धत बदलली." ती माझ्याकडे बघत राहिली. मी खलबत्ता माळ्यावर टाकला.

सांगायला हवं होतं. सांगतो. उद्या.

८ जुलै

तोंड भरून येतंय. पोळी मागितली.

सांगितलं नाही अजून. तोंड उघडतो आणि काहीतरी भलतंच बोलतो. आज म्हणालो, पंख्याचा आवाज येतोय का?

१७ जुलै

चढलं! थोडंच, पण चढलं. मेहुणीने काट्याचा फोटो काढला. मला मात्र मधला महिना दिसतो. तो कुठून आणू?

नव्या माणसाला आज चहा पाजला. तो घाबरला, म्हणाला, "साहेब, काही चुकलं का?" म्हटलं, "पी, गार होतोय." मी फार घाण माणूस आहे.

५ ऑगस्ट

आणखी चढलं. गालावर मांस दिसतं. ही आरशासमोर उभी राहून म्हणाली, "ओळखीची वाटतेय मी." स्वयंपाकघरात जाऊन रडून घेतलं.

२४ ऑगस्ट

वजन भरलं. एक्कावन्न. डॉक्टरांनी काट्याकडे बघितलंच नाही. स्कॅन समोर ठेवून म्हणाले, यकृतावर पसरलंय, आता केमोने बरं होणार नाही. जूनमध्ये सुरू झाली असती तर गोष्ट वेगळी होती. मग म्हणाले, "तेव्हा वजन इतकं का उतरत होतं, तेच मला कळलं नाही." हिलाही अजून सांगितलं नव्हतं, तरी मी तोंड उघडलं. टेबलाखाली हिने माझा हात घट्ट दाबला. "माझंच चुकलं, डॉक्टर. हे सारखे बजावत होते, तरी मी दाणे चावून खात होते."