अक्कलदाढ आणि बक्कल नंबर

१५ जाने. १९५६, रवि.
खालची उजवी अक्कलदाढ. चौथा दिवस. तोंडात दोन बोटं जात नाहीत. जमादारांकडे रजा मागितली. "दाढेसाठी रजा? शहर पेटायला आलंय." शेवंताने लवंग ठेचून दाबली. तिच्यावरच ओरडलो.
दुपारी तिचा भाऊ दत्ता जेवायला. गिरणीत साच्यावर कापड विणतो, डिलाईल रोडला राहतो, एक मोर्चा सोडत नाही. "दाजी, उद्या मुंबई आपल्याला नाही दिली, तर तुम्ही कुणीकडं?"
"उभं करतील तिकडं."
भरल्या ताटावरून उठला.

१७, मंगळ.
डिलाईल रोड. काल रात्री रेडिओवर सांगितलं, मुंबई महाराष्ट्राला नाही. सकाळपासून दगड. गॅलऱ्यांतून सोडावॉटरच्या बाटल्या, विटा. लाठीचा हुकूम झाला, धावलो. एक दगड नेमका जबड्यावर, दाढेवरच. डोळ्यांपुढं सगळं पांढरं. मग हाती लागला त्याला मारलं. खाली पडलेला, तोंड जमिनीकडं, दोन्ही हात डोक्यावर. हातांवरच मारत राहिलो. पाच. सहा. जास्तच. बोटं मोडल्याचा आवाज आला, तरी थांबलो नाही. "दादा, पुरे," एवढंच म्हणाला. बरोबरच्या सावंतने पट्टा धरून मागं ओढलं. "अरे, मरेल तो!"
खरं लिहायचं तर, मारत होतो तेवढा वेळ दाढ दुखली नाही.

१८, बुध.
गाल टम्म. आता रजा मिळाली. पोलीस लाइनीमागचे दातांचे डॉक्टर अर्धं दार उघडून बसलेले. "पू झालाय. भूल नीट लागणार नाही." नाहीच लागली. दाढ आडवी, हाडात रुतलेली. छिन्नी नि हातोडी. कंपाउंडरने डोकं दाबून धरलं. प्रत्येक ठोका कवटीत. दाढ फुटली, मुळं आतच. बाहेर गोळ्यांचा आवाज. डॉक्टरांचा हात थांबला. "तुमचेच ना?" तोंडात त्यांची बोटं, काय बोलणार! पुन्हा ठोका. शेवटचं मूळ निघताना त्यांना चावलो. त्यांनी चांगल्या गालावर थोबाडीत दिली. मग टाका घातला, चार दिवस विश्रांतीची चिठ्ठीही दिली.

१९, गुरु.
उजवा डोळा मिटलाय. जबडा उघडत नाही. गार पेज, गाळून. थुंकायचं नाही, रक्त गिळायचं. दिवसभर लांबून गोळ्या. माझ्या जागी सावंत गेलाय.
नळावर शेजारीण म्हणाली, "तुझा नवरा बरा वेळेवर आजारी पडला!" शेवंताने भरली कळशी तिच्या अंगावर ओतली.

२०, शुक्र.
कर्फ्यू थोडा वेळ उठला तेव्हा दत्ता आला. त्याच्या शेजारच्या साच्यावरचा विठोबा परळच्या इस्पितळात. मंगळवारी, डिलाईल रोडला. खाली पाडून हातांवर मारलं. उजव्या हाताची दोन बोटं काढली. "तुटलेला धागा आता कशानं जोडायचा त्यानं, दाजी?"
मारणाऱ्या शिपायाचा बक्कल नंबर काढून द्या म्हणतो. "तुम्ही तिथंच होता की. तुमच्यात ठाऊक असेलच."
मी गालाकडं बोट दाखवलं. शेवंता म्हणाली, "बरं वाटलं की सांगतील."
थोडंफार बोलता येत होतं.

२१, शनि.
साध्या कपड्यांत इस्पितळात. तोच. चेहरा आज पहिल्यांदा पाहिला. मिसरूड पातळ. त्याची आई चमच्यानं भरवत होती; "पुरे," म्हणाला, आवाज तोच. माझं तोंड बघून बाकावर सरकली. "तुलाबी पोलिसांनी मारलं का रं लेकरा?"
हो म्हणून मान हलवली. मी. तिच्यासमोर.
जिन्यात ओकलो. टाका सुटला.

२२, रवि.
सूज उतरतेय. उद्या हजर व्हायचंय. सकाळीच दत्ता. "मिळाला नंबर?"
"माझाच."
"नीट बोला, दाजी. कळंना."
परत सांगितलं. शेवंता तांदूळ निवडत होती, तिचे हात थांबले. वाटलं, दत्ता आता मारेल. मारावं म्हणून जबडा पुढंही केला. नाही मारलं. चपला घातल्या, दारातून म्हणाला, "उद्या चारला वॉर्डात ये. त्याला तूच सांग."
लग्नाला सहा वर्षं झाली. आज पहिल्यांदा मला 'तू' म्हणाला.
शेवंताने निवडलेले तांदूळ परत डब्यात ओतले, चूल पेटवली नाही. उद्याची ड्यूटी दुपारी दोनपासून.