दगडावरचं पाचवं नाव

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर,
१२ डिसेंबर २०२४

ती. महानंदाताईस,
शिवमूर्तीचा शि. सा. न. वि. वि.

परवा फोनवर तुला गुडघा कसा आहे म्हणून विचारलं, तर वांगी सध्या बरी मिळतात असं सांगितलंस. तेव्हाच ठरवलं की फोनचा नाद सोडायचा आणि पुन्हा कागद-पेन हातात घ्यायचं. उमाशंकर हसतो. म्हणतो, तुमचं पत्र नांदेडला पोचेस्तोवर माणूस चालत जाऊन येईल. हसू दे. तुझं उत्तर आलं की पाकीट फोडायला पहिला हात त्याचाच असतो. आत्याचं पत्र म्हणजे त्याला सणासारखं.

पत्रास कारण असं. औशाच्या शेतात आपल्या समाध्या आहेत, त्या मातीच्या उंचवट्यांची यंदाच्या पावसाने पार रया गेली. कुठला आजोबांचा आणि कुठला आजीचा हे मलाही छातीठोक सांगता येईना. उमाशंकरने आता मनावर घेतलं आहे. चौथरा बांधायचा, वर काळा दगड बसवायचा आणि त्यावर नावं कोरून घ्यायची. महाशिवरात्रीला स्वामींच्या हातून पूजा. चार नावं ठरली आहेत. आजोबा, आजी, आमचे बाबा मलप्पा आणि आमची अव्वा. आजी कुठल्या साली गेली ते कुणालाच आठवत नाही. तुझ्या डोक्यात पंचांग असतं, तेवढं कळव. कोरणाऱ्याला जानेवारीअखेर यादी द्यायची आहे.

तुझ्या भावजयीची, महादेवीची, साखर आटोक्यात आहे, जीभ नाही. तुझ्या लिंबाच्या लोणच्याची फार आठवण काढते, म्हणजे बरणी संपली असं समज.

सूनबाई मंजुश्रीला आणि मुलांना आशीर्वाद. लोभ आजवर होता तसाच पुढेही राहू दे.

तुझा,
शिवमूर्ती

॥ श्री ॥

नांदेड,
२१ डिसेंबर २०२४

चि. शिवमूर्तीस,
महानंदाताईचे अ. उ. आ.

वांगी खरंच बरी मिळतात. गुडघा बरा नाही. दोन्हींची उत्तरं मिळाली ना?

आजी गेली १९६१ साली, पोळ्याच्या दुसऱ्या दिवशी. लिहून ठेव, पुन्हा विचारू नकोस. लोणचं मंजुश्री पाठवील. पण महादेवीला सांग, लोणच्यात गूळ आहे, हे तिच्या डॉक्टरला कळायला नको.

आता यादीचं. चार नावं वाचली, चष्मा पुसून पुन्हा वाचली. पाचवं कुठं आहे? आजोबांना मुलगे दोन होते. थोरले तुझे बाबा, धाकटे माझे अप्पा, वीरण्णा. उमाशंकरला माहीत नसेल, तो पन्नाशीचा झाला तरी लहानच. तुला तर माहीत आहे.

त्याला सांगायला कुणी नसेल तर माझं पत्र वाचून दाखव. तुझे एक चुलत आजोबा हैदराबादला, मलकपेठच्या रेसकोर्सवर घोडे शिकवत होते. आडतीच्या घराण्यातला माणूस, पण आमच्या आजोबांबरोबर माळेगावच्या जत्रेला गेला आणि घोड्यांत रमला तो रमलाच. शर्यतीवर त्यांनी उभ्या जन्मात पैसा लावला नाही. घोड्यांच्या आधी जेवतो तो शिक्षक नव्हे, गिऱ्हाईक, असं म्हणायचे. त्यामुळे आमच्या घरी सकाळची भाकरी दहाच्या आत कधी मोडली नाही. बाकीचे शिक्षक हातात घड्याळ घेऊन उभे राहत. अप्पा डोळे मिटून नमः शिवाय म्हणत. खांबापासून खांबापर्यंत घोडा किती नामांत आला, यावर त्यांचा हिशोब. मालक आधी हसायचे, मग घड्याळाशी ताडून बघायचे, तर हिशोब बरोबर. मला शाळेतला पाढा येईना, पण अप्पांची निळी किती नामांत धावते ते येत होतं. निळी म्हणजे त्यांची राखी रंगाची घोडी. रेसच्या कागदावर तिचं काहीतरी इंग्रजी नाव होतं. अप्पा तिला निळीच म्हणत.

अप्पांची समाधी इथं नदीकडेला होती, तिथून आता रस्ता गेला आहे. या जगात त्यांचं नाव कुठंही लिहिलेलं नाही, शिवमूर्ती. माझ्या शाळेच्या दाखल्यावर होतं, तो दाखला वाळवीने खाल्ला. मी शहात्तरची झाले. मला दागिना नको, शेताचा तुकडा नको. आपल्या माणसांच्या रांगेत ते एक नाव मला बघायचं आहे.

सविस्तर उत्तर दे, टाळाटाळ नको. सर्वांवर माया आहेच.

ताई

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर,
४ जानेवारी २०२५

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

लोणचं पोचलं. बरणी महादेवीने देवघरात ठेवली आहे, म्हणजे तिथं कुणी बघणार नाही असा तिचा समज.

तुझं पत्र उमाशंकरने दोनदा वाचलं. घोडे शिकवणारे आजोबा, आणि मला आज कळतंय, म्हणून माझ्यावरच उखडला. तो नाव घालायला एका पायावर तयार आहे. अडचण माझी आहे. तू टाळाटाळ नको म्हणालीस, म्हणून लिहितो.

बाबांनी जाताना मला जवळ बोलावून सांगितलं होतं की त्या जागेत माझ्या भावाला आणू नको. ज्यानं गळ्यातलं लिंग टाकलं, तो आपला न्हाई. त्या दोघांचं भांडण कशावरून झालं हे तुलाही ठाऊक असेल. सत्तावन्न सालच्या दिवाळीला काका मोकळ्या गळ्याने घरी आले. लिंग कुठं हाय म्हणून बाबांनी विचारलं, काकांनी उत्तर दिलं नाही. बाबा लई बोलले. काका त्याच दिवशी तुम्हा मायलेकींना घेऊन निघून गेले, ते परत उंबऱ्याला शिवले नाहीत. पुढं हैदराबाद सोडून नांदेडला टांग्याची घोडी बघू लागले, तेही आम्हाला लोकांकडूनच कळलं. वडिलांचा शब्द मी या वयात मोडावा का, हे तूच सांग.

काकांवर माझा राग नाही. उलटच. तुला कधी सांगितलं नाही, पण चौऱ्याहत्तर साली माळेगावच्या जत्रेत ते मला भेटले होते. घोड्यांच्या बाजारात एका तट्टाच्या बरगडीला कान लावून उभे होते. मला ओळखलं. इतक्या वर्षांनी ओळखलं. काही विचारलं नाही, नुसतं माझं डोकं धरून त्या तट्टाच्या बरगडीला लावलं आणि म्हणाले, ऐक. श्वासात कुठं अडकत नसलं तर घोडं चांगलं. मला त्यांना एक गोष्ट सांगायची होती. तोंडच उघडलं नाही. चहा पाजून ते निघून गेले.

रागावू नकोस. वयाने धाकटा आहे, समजून घे.

शिवमूर्ती

॥ श्री ॥

नांदेड,
१३ जानेवारी २०२५

चि. शिवमूर्तीस,
अ. उ. आ.

उद्या संक्रांत. तिळगूळ मंजुश्री करते आहे, मी पाय पसरून हे लिहिते आहे. अप्पांना दिलेला शब्द आज मोडते. तुझ्या वडिलांचा शब्द तू मोडायचा की नाही, ते वाचून झाल्यावर ठरव.

अप्पांनी लिंग टाकलं नव्हतं.

त्या वर्षी पावसाळ्यातल्या शर्यती चालू होत्या. एका सकाळी, शर्यत नव्हे, नुसत्या सरावात निळीचा पुढचा पाय मोडला. मी कुंपणापाशी होते, नऊ वर्षांची. आवाज ऐकू आला. मोडलेल्या पायाचा घोडा वाचत नाही, हे तिथल्या पोरासोरांनाही माहीत असतं. डॉक्टर बंदूक घेऊन आले. अप्पांनी त्यांच्याकडे थोडा वेळ मागून घेतला. चिखलात बसले, तिचं डोकं मांडीवर घेतलं. ती थरथरत होती. अप्पांनी तिच्या कानाशी नमः शिवाय सुरू केलं, जसं रोज धावताना म्हणायचे तसंच. हळूहळू तिची थरथर कमी झाली. मग त्यांनी आपल्या गळ्यातला शिवदोरा काढला आणि लिंगासकट तिच्या आयाळीत बांधला. नीट, गाठ मारून.

मोतद्दार बघतच राहिला. म्हणाला, वीरण्णासाब, ये क्या कर रहे. अप्पा म्हणाले, आमच्यात आपल्या माणसाला लिंगाशिवाय धाडत न्हाईत.

तिला पागेमागे चिंचेखाली पुरलं. लिंग तिच्याबरोबर गेलं.

घरी जाताना अप्पांनी मला शपथ घातली. मी म्हटलं, थोरले काका रागावतील, खरं सांगून टाका. ते म्हणाले, मला धर्मबुडवा म्हणू देत, ते मी सोशीन. पण सांगितलं तर लोकं हसतील. घोडीला लिंग बांधलं म्हणून सगळा बाजार हसल. निळीला कुनी हसलेलं मला चालायचं न्हाई. स्वामींकडून दुसरं लिंग घ्यावं, तर पहिलं कुठं गेलं हे त्यांना सांगावं लागणार. म्हणून घेतलं नाही. सत्तावीस वर्षं मोकळ्या गळ्याने राहिले. पूजेच्या वेळी लिंग ठेवायचा डावा तळहात नुसताच पुढं धरून बसत.

आणखी एक ऐक. चौऱ्याऐंशी साली अप्पा गेले. त्यांना समाधीत बसवलं, तेव्हा तळहातावर ठेवायला लिंग मागितलं. जमलेली माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघू लागली. मी पदराखालून माझं काढलं आणि त्यांच्या हातावर ठेवलं. तुझे भावजी तेवढे जाणून होते, ते कधी बोलले नाहीत. चाळीस वर्षं झाली, माझाही गळा मोकळाच आहे. पदरामुळे दिसत नाही, एवढंच.

तेव्हा मोकळ्या गळ्याचा माणूस तुमचा नसेल, तर मीही तुमची नाही. तसं असेल तर भाऊबीजेला येऊ नकोस. हे मी रागाने लिहीत नाही. रागाने लिहिलं असतं तर अक्षर इतकं सरळ आलं नसतं.

ताई

नांदेड,
९ फेब्रुवारी २०२५

शिवमूर्ती,

चार आठवडे झाले, पत्र नाही. जानेवारीही संपला. मंजुश्री फोन लावून देते म्हणाली, मी नको म्हटलं. जे असेल ते लिहून कळव. प्रकृतीला जप.

ताई

॥ श्री गुरुबसवलिंगाय नमः ॥

लातूर,
२७ फेब्रुवारी २०२५

ती. महानंदाताईस,
शिवमूर्तीचा पायांवर डोकं ठेवून नमस्कार.

उशीर झाला. दोनदा लिहायला बसलो आणि दोनदा कागद फाडला. जे काकांना माळेगावात सांगता आलं नाही, ते आधी सांगतो.

काकांचा गळा मोकळा आहे हे बाबांना मी सांगितलं होतं. नरकचतुर्दशीला काकांच्या पाठीला तेल लावायला मला बसवलं होतं. सात वर्षांचा होतो. बाबांच्या पाठीला तेल लावताना शिवदोरा मध्ये यायचा, तो बाजूला धरावा लागायचा. काकांच्या पाठीवर हात सरळ फिरला. मला गंमत वाटली आणि तेलाच्या हातानेच पळत जाऊन मी बाबांना सांगितलं. पुढचं तुला माहीत आहे. ताई, सदुसष्ट वर्षं मी असं धरून चाललो की घर मोडलं ते माझ्या तोंडामुळे, पण चूक काकांची होती म्हणून माझं काही चुकलं नाही. तुझ्या पत्राने तो आधारही गेला. मी देवघरात जाऊन रडलो. महादेवीला वाटलं, लोणचं सापडलं म्हणून ओरडतो आहे.

नंतर पत्र घेऊन स्वामींकडे गेलो. वाचून दाखवलं, काकांचं आणि तुझंही. विचारलं, माझ्या वडिलांचा शब्द आहे, काय करू. स्वामींनी पत्र हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचलं. मग म्हणाले, तुमच्या वडिलांनी लिंग टाकणाऱ्याला मनाई केली होती. यांनी टाकलं कुठं? दिलं. आणि मला एकच विचारलं, घोडीचं नाव काय होतं. मी म्हटलं, निळी. त्यांनी वहीत लिहून घेतलं.

काल महाशिवरात्रीला पूजा झाली. तुला गुडघ्यामुळे येता आलं नाही, म्हणून सगळं लिहितो. औशाच्या शेतात चांगली साठ-सत्तर माणसं होती. भावकी, बाजारातले लोक, सगळे. दगड बसला. पाच नावं आहेत, पाचवं वीरण्णा गुरुलिंगप्पा. कोरणाऱ्याने जागा कमी आहे म्हणून कुरकुर केली, तर उमाशंकरने आजोबांच्या नावापुढची बिरुदं काढून टाकली. मग मी उभा राहिलो. मला चार माणसांत बोलता येत नाही हे तू जाणतेस. पण तेलाच्या हातापासून चिंचेच्या झाडापर्यंत सगळं सांगितलं, काही गाळलं नाही. तुझं तेवढं सांगितलं नाही, ते तुझं आहे. तुला नवं लिंग द्यायला स्वामी पुढच्या महिन्यात स्वतः नांदेडला येतो म्हणाले आहेत. काही विचारणार नाहीत.

शेवटी स्वामींनी पाणी सोडताना नावं घेतली. आजोबांचं, आजीचं, बाबांचं, अव्वाचं, काकांचं. आणि काकांच्या मागोमाग, तितक्याच मोठ्याने, निळीचं.

ताई, मी सगळ्यांच्या तोंडाकडे बघत होतो. कुणी हसलं नाही.

भाऊबीजेला येतो. ओवाळशील एवढा लोभ शिल्लक असू दे.

तुझा,
शिवमूर्ती